तक्रारीचा प्रकार : इतर

प्रति,
मा. कार्यवाह,
(संस्थेचं नाव या प्रतीतून काढलं आहे)

विषय : वार्षिक अधिवेशनात केलेल्या छळाच्या तक्रारीच्या हाताळणीबाबत

महोदय,

तुमच्या संस्थेची मी अकरा वर्षं सभासद आहे. इतकी वर्षं ‘आपली संस्था’ म्हणत आले. या पत्रात ‘तुमची’ लिहिते आहे, ते नजरचुकीने नव्हे.

त्या ज्येष्ठ गृहस्थांविषयीची तक्रार मी अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी केली होती. पोस्टर सत्रात पाठीवर ठेवलेला हात, मी बाजूला सरकल्यावर पुन्हा ठेवलेला हात, आणि रात्री अधिवेशनाच्या अॅपवरून आलेले तीन निरोप. शेवटच्या निरोपात माझ्या खोलीचा क्रमांक विचारला होता. ते सगळं त्या अर्जात आहे, इथे पुन्हा उगाळत नाही. आजचं पत्र त्या अर्जाचं तुम्ही काय केलंत, याविषयी आहे.

मुळात अर्ज द्यायचा कुठे, हेच कोणाला सांगता येईना. अधिवेशनाच्या पुस्तिकेत शेवटून दुसऱ्या पानावर ‘कोणत्याही प्रकारचा छळ खपवून घेतला जाणार नाही’ असं ठळक अक्षरांत छापलं आहे. त्याखाली कोणाचं नाव नाही, फोन नाही, ईमेल नाही. नोंदणी कक्षातल्या मुलाने (विद्यार्थी स्वयंसेवक, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष) गोंधळून हरवल्या-सापडल्या वस्तूंची वही माझ्यापुढे सरकवली. वरच्या ओळीत नोंद होती : ‘काळी छत्री, मूठ लाकडी’. मी वही परत केली आणि तुमच्या संकेतस्थळावरचा अर्ज उघडला. तिथे आधी तक्रारीचा प्रकार निवडावा लागतो. ध्वनिव्यवस्था, निवास, वाहनतळ, प्रमाणपत्र, इतर. मी ‘इतर’ निवडलं. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.’

त्यानंतर जे झालं त्याला तुमच्या पत्रात ‘प्राथमिक चौकशी’ म्हटलं आहे. तुमच्या एका पदाधिकाऱ्यांनी मधल्या सुट्टीत त्या गृहस्थांना व्हरांड्यात गाठलं आणि ‘अमुक बाईंची काहीतरी तक्रार आहे, जरा बघून घ्या’ असं सांगितलं. झाली चौकशी. शेजारच्या पोस्टरपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने सगळं पाहिलं होतं, तिचं नाव मी अर्जात दिलं होतं. तिला आजतागायत कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. माझं नाव मात्र संध्याकाळपर्यंत सभागृहभर झालं. आणि हेही लिहिते, कारण खरं आहे : यात त्या गृहस्थांवरही अन्याय झाला. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे लेखी कळणं आणि आपली बाजू मांडायला मिळणं, हा त्यांचा हक्क होता. तो त्यांना मिळाला नाही, मला गुप्तता मिळाली नाही. दोघांच्याही वाट्याला आली ती कुजबुज.

तिसऱ्या दिवशी माझा शोधनिबंध होता आणि सत्राध्यक्ष तेच होते. सत्राध्यक्ष बदला, एवढीच विनंती मी केली. ‘छापील कार्यक्रम बदलता येत नाही,’ असं उत्तर मिळालं. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर बिघडला तेव्हा दोन सत्रांची अदलाबदल अर्ध्या तासात झाली होती, ती मी स्वतः पाहिली आहे. असो. बारा मिनिटं मी निबंध वाचला. वेळ संपल्याची घंटा त्यांच्या हातात होती आणि माझं निम्मं लक्ष त्या हाताकडे होतं.

सात आठवड्यांनी तुमचं पत्र आलं. ते गृहस्थ संस्थेचे नोकर नाहीत, सबब त्यांच्या विद्यापीठाकडे दाद मागावी, असं तुम्ही लिहिलंत. मी मागितली. विद्यापीठ म्हणालं, प्रसंग आमच्या आवारात घडला नाही आणि तुम्ही आमच्या विद्यार्थिनीही नाही, कर्मचारीही नाही, आयोजकांकडे जा. म्हणजे तुमच्या दारातून त्यांच्या दारात आणि त्यांच्या दारातून रस्त्यावर. अधिवेशनं भरतात ती नेमकी अशा जागी, जी कोणाचीच नसते. म्हणूनच तिथली जबाबदारी जो बोलावतो, शुल्क घेतो आणि गळ्यात ओळखपत्र अडकवतो त्याची असते. अॅपवरचे निरोप तुम्हाला ‘व्यक्तिगत संवाद’ वाटले. ते अॅप तुमचं आहे. माझं नाव आणि छायाचित्र त्यात तुम्हीच घातलंत.

‘न्यायालयात सिद्ध झाल्याशिवाय संस्था काही करू शकत नाही’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तुम्हाला तुरुंगात कोणाला पाठवायचं आहे? संस्थेच्या हातात असतं ते एवढंच : नोंदणी रद्द करणं, अध्यक्षपद काढून घेणं, काही वर्षं अधिवेशनाला बंदी, पुरस्कार किंवा मानद सभासदत्व मागे घेणं. अशा निर्णयांना फौजदारी खटल्याइतका निर्विवाद पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून, उपलब्ध पुराव्यावरून कोणती गोष्ट घडल्याची शक्यता जास्त आहे, हे नि:पक्षपातीपणे ठरवणं पुरतं.

आणि हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. अमेरिकन जिओफिजिकल युनियनने 2017 साली आपल्या नीतिनियमांत छळाला थेट वैज्ञानिक गैरवर्तनात धरलं, म्हणजे आकडे बनवणं आणि निबंध चोरणं यांच्याच पंक्तीत. अमेरिकन असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्सने 2018 मध्ये आपली फेलोशिप, म्हणजे संस्थेने दिलेला सन्मान, काढून घेण्याचा नियम केला. तिथल्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं सभासदत्व तर तहहयात होतं; 2019 मध्ये नियमावली बदलून हकालपट्टीची तरतूद झाली आणि 2021 मध्ये ती वापरलीही गेली. तिथल्या राष्ट्रीय अकादम्यांच्या 2018 च्या अहवालाचा निष्कर्ष तुमच्या पुस्तिकेतल्या त्या ठळक वाक्याला फार जवळून लागू पडतो : छळ कुठे होईल हे सांगणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे संस्थेतलं वातावरण, म्हणजेच तक्रार केली तर ती कोणी मनावर घेईल की नाही, याबद्दल लोकांना काय वाटतं ते.

नियम असून भागत नाही, हेही मान्य. 2019 साली अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी या पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेच्या अधिवेशनात, ज्यांच्याविरुद्धचे छळाचे आरोप विद्यापीठाच्या चौकशीत खरे ठरले होते आणि ज्यांना त्या विद्यापीठाच्या आवारात बंदी होती, असे एक निवृत्त प्राध्यापक ऐनवेळी नोंदणी करून आत आले. तक्रार करणाऱ्या स्त्रिया त्याच इमारतीत होत्या. निषेधाची जाहीर पत्रं निघाली, सह्या गोळा झाल्या. दारात उभ्या असलेल्या माणसाला निर्णयाचा अधिकार कोणी दिलाय, हे आधी ठरलेलं नसलं की असं होतं. तुमच्याकडे दारात छत्रीची वही होती.

तुमच्या तीन जणांच्या नीती समितीत एक सदस्य त्या गृहस्थांचे सहलेखक आहेत आणि दुसऱ्यांची पीएचडी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली आहे. दोघेही सज्जन असतील. पण आमचं क्षेत्र एवढंसं. उद्या माझा निबंध तपासायला यांच्यापैकीच कोणाकडे जाणार, शिफारसपत्रही यांच्याकडेच मागावं लागणार. म्हणून तर अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने तक्रारी ऐकायला संस्थेबाहेरच्या वकिलाची नेमणूक केली. तुमच्या दोन सदस्यांनी निदान या प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं.

तुमच्या पत्रासोबत पुढच्या अधिवेशनाच्या नोंदणीत वीस टक्के सवलतीचं कूपन होतं. ते परत पाठवते आहे.

मला पुढील गोष्टींची लेखी उत्तरं तीस दिवसांत हवी आहेत. माझं नाव फोडलं कोणी आणि त्याबद्दल त्यांना काय विचारण्यात आलं. साक्षीदार विद्यार्थिनीचं म्हणणं कोण आणि कधी नोंदवणार. हितसंबंध नसलेल्या, शक्यतो संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे हे प्रकरण नव्याने कधी सोपवणार. त्या गृहस्थांनाही माझ्या अर्जाची प्रत द्या, त्यांचं उत्तर घ्या. निर्णय माझ्या बाजूने लागेलच, अशी हमी मी मागत नाही. तोवर त्यांच्याकडे कोणत्याही सत्राचं अध्यक्षपद देऊ नये. आणि पुढच्या पुस्तिकेत त्या ठळक वाक्याखाली दोन माणसांची नावं आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर छापा.

यंदाचं सभासदशुल्क भरायची मुदत महिनाअखेर संपते. मी अजून ते भरलेलं नाही. ऑनलाइन अर्जात नूतनीकरण न करण्याचं कारण विचारतात, तिथेही ‘इतर’ आहे.

आपली,
एक सभासद