बाबा, विमान उडवायच्या आधी इंजिन शिकावं लागतं

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की रात्री जागून एवढं काय खेळत असतोस, आणि तेवढ्यात रेंज गेली, मग ते राहूनच गेलं. तर आज निवांत लिहितो. बाबा, तुम्ही सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधे काढलीत, त्यामुळे यातलं निम्मं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल याची खात्री आहे.

गेमचं नाव डीसीएस, कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ आहे. त्यात मी दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर, मार्क नाइन, शिकतोय. हेच का, तर ऑफिसला जाताना वाटेत बर्मिंगहॅमचं कॅसल ब्रॉमविच लागतं, तिथल्या चौकात तीन स्पिटफायर वर झेपावतायत असं मोठं शिल्प आहे. सगळी मिळून 20 हजारांच्या वर स्पिटफायर बनली, त्यातली 11 हजारांहून जास्त इथल्याच कारखान्यात. नंतर तिथे जग्वार गाड्या बनायला लागल्या. रोज ते बघून बघून वाटायला लागलं की हे नेमकं चालायचं कसं ते एकदा नीट समजून घेऊ.

आणि खरं सांगतो, लढाई वगैरे फार पुढची गोष्ट आहे, अजून मी इंजिन आणि टेकऑफमधेच रमलोय. कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण खऱ्यासारखं चालतं. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थ्रॉटल अर्धा इंच पुढे, प्रोपेलरचा दांडा पूर्ण पुढे, मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगी देतात ते) दोन्ही स्विच ऑन, मग हाताने प्रायमर पंप मारून इंजिनात थोडं पेट्रोल ढकलायचं, थंडी जास्त असेल तर पंप जास्त मारायचा, आणि स्टार्टर आणि बूस्टर कॉइलची (सुरू करताना जास्तीची ठिणगी देते ती) दोन बटणं एकदम दाबायची. एवढं जमलं की रोल्स-रॉइसचं मर्लिन 66 सुरू होतं, 12 सिलिंडर, 27 लिटर. हेडफोन लावून तो पहिला धूर सोडतानाचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, तुम्हाला ऐकवायचाय तो एकदा.

सुरू झालं म्हणून लगेच निघता येत नाही. तेल थंड असतं, घट्ट असतं, तेव्हा जोरात रेस केलं तर बेअरिंगची वाट लागते, म्हणून आधी हळू फिरवून गरम करायचं. पण त्याच वेळी उलटा प्रकार चालू असतो, रेडिएटर पंखांच्या खाली आहेत, विमान उभं असलं की त्यातून हवाच नीट जात नाही, त्यामुळे कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमानाचा, काटा भराभर चढतो. 115 डिग्रीला रेडिएटरची झाकणं आपोआप उघडतात पण उभ्या विमानाला त्याचा किती उपयोग होणार. म्हणजे तेल तापायच्या आत घाई नाही करायची आणि कूलंट उकळायच्या आत उशीर नाही करायचा, या दोनाच्या मधे जेवढा वेळ मिळेल त्यात रनवेला पोचायचं. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच आहे, कारण इथे हाताच्या चपळाईचं काही काम नाही, काटे वाचायचे आणि डोकं शांत ठेवायचं.

रनवेपर्यंत जाणं पण सोपं नाहीये. नाक एवढं लांब आणि वर की समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवत डावीउजवीकडून डोकावत जायचं. ब्रेक हवेवर चालतात. त्याची मूठ पायलटच्या समोरच्या, विमान चालवायच्या मुख्य दांड्यावर असते, आणि कुठल्या चाकाला जास्त ब्रेक लागणार ते पायाने चालवायच्या रडरवर (शेपटीतलं सुकाणू) ठरतं.

आता बूस्ट आणि आरपीएम, हे बाबा तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितो. यात दोन दांडे आहेत. एकाने, म्हणजे थ्रॉटलने, सुपरचार्जरमधून (हवा दाबून भरणारा पंप) इंजिनात किती दाबाने हवा जाणार ते ठरतं, त्याला बूस्ट म्हणतात, आणि शून्य बूस्ट म्हणजे समुद्रसपाटीला असतो तेवढाच हवेचा दाब, चौरस इंचाला 14.7 पाउंड. त्याच्या वर आणखी 18 पाउंडापर्यंत जाता येतं. दुसऱ्या दांड्याने प्रोपेलरचे आरपीएम ठरतात, तेवढे टिकवायला पात्यांचा कोन गव्हर्नर आपोआप कमीजास्त करतो. नियम असा की पॉवर वाढवायची तर आधी आरपीएम आणि मग बूस्ट, कमी करायची तर आधी बूस्ट आणि मग आरपीएम. का, तर आरपीएम कमी आणि दाब जास्त झाला की सिलिंडरमधे मिश्रण नको तेव्हा फुटतं, घाटात टॉप गिअरला गाडी ओढली की इंजिन जसं ठोकायला लागतं तसंच. तुम्ही ड्रायव्हर लोकांवर ओरडायचात ना, तेच हे.

मर्यादा पण ठरलेल्या आहेत. 18 पाउंड आणि 3000 आरपीएम फक्त 5 मिनिटं, 12 पाउंड आणि 2850 एक तास, आणि 7 पाउंडाला 2650 कितीही वेळ. काटा लाल रेषेच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहून चालत नाही, घड्याळ पण बघावं लागतं. 18 पाउंडाला साधारण 1700 हॉर्सपॉवर मिळते, म्हणून संकटात तीच वापरावीशी वाटते, पण ती 5 मिनिटं कशावर खर्च करायची हे खऱ्या पायलटला ठरवावं लागायचं.

टेकऑफला मात्र एवढ्याची गरज नसते. त्या काळच्या पायलटच्या पुस्तिकेतच आहे की साध्या वजनाला 7 ते 9 पाउंड पुरतात, पण वर गेल्यावर बूस्ट 12 पर्यंत वाढवावा, नाहीतर पेट्रोलमधलं शिसं प्लगवर बसतं. हे वाचून मला एकदम तुमचा तो प्लग साफ करायचा तारेचा ब्रश आठवला.

थ्रॉटल पुढे गेला की नाक डावीकडे पळतं. सीटवरून बघितलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून डाव्या चाकावर भार येतो, वर हवेचा पीळ पडून ती शेपटीवर डाव्या बाजूने आदळते, आणि शेपूट उचलली की जायरोसारखा, म्हणजे फिरत्या भोवऱ्यासारखा, परिणाम होऊन आणखी डावीकडे ओढ. म्हणून रडरचं ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवायची सोय) आधीच उजवीकडे लावून ठेवायचं, थ्रॉटल अगदी हळूहळू द्यायचा, आणि उजवा पाय नाक वळायच्या आधीच कामाला लागला पाहिजे, वळल्यावर दाबून उपयोग नाही. चाकं पण एकमेकांच्या जवळ जवळ आहेत त्यामुळे पंख टेकायला वेळ लागत नाही. शेपूट फार वर उचलली तर पंख्याचं पातं जमिनीला लागतं. हे सगळं सांभाळून रनवे सरळ मागे गेला आणि चाकांचा खडखड आवाज बंद झाला की तो जो आनंद होतो तो पत्रात नाही लिहिता येत.

चाकं वर घ्यायचा दांडा उजवीकडे आहे. म्हणजे जमीन सोडल्या सोडल्या डावा हात थ्रॉटलवरून काढून विमान चालवायच्या मुख्य दांड्यावर, आणि उजवा हात चाकांच्या दांड्यासाठी. म्हणून थ्रॉटलचा स्क्रू आधीच घट्ट करून ठेवायचा, नाहीतर तो आपोआप मागे सरकणार. हे सगळं वीस-एकवीस वर्षांची पोरं करायची बाबा, आणि मी इथे घरात गरम खोलीत बसून करतोय. त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला.

आईसाठी एक गोष्ट. कारखान्यातून तयार विमानं तळावर पोचवायला एटीए म्हणून संस्था होती, त्यात बायका पण पायलट होत्या. आधी कधी बसलेल्या नसायच्या असं विमान पण त्यांना उडवावं लागायचं, हातात फक्त छोटी कार्डांची वही, एका विमानाला एक कार्ड. आई, तू शाळेत विज्ञान शिकवलंस, तुला त्या बायकांबद्दल वाचायला आवडेल, मी पुस्तक पाठवतो.

आणि आपलाही संबंध आहेच, 1947-48 ला काश्मीरमधे आपल्या हवाई दलाने स्पिटफायर वापरली होती. दिल्लीला पालमच्या म्युझियममधे एक ठेवलंय, मामा तिकडे जाणार असेल तर फोटो काढायला सांगा, नाकाचा आणि पंखाखालच्या रेडिएटरचा.

तुम्ही दोघं उन्हाळ्यात आलात की कॉस्फर्डच्या हवाई दलाच्या म्युझियमला जाऊ, इथून लांब नाही, तिकीट पण नाही. तिथे आज शिल्लक असलेल्या स्पिटफायरमधलं सगळ्यात जुनं ठेवलंय. पासपोर्ट रिन्यू करायचा फॉर्म भरलात का ते कळवा, आणि बीपीची गोळी सकाळीच घ्या, विसरू नका.

तुमचा,
मंदार