विहिरी भरल्या, आता मोजायला बसा

संपादक महोदय,

२०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यातील कितीतरी शेते खरवडून नेली. तो घाव मोठा आहे. पण त्याच पावसाने विहिरी काठोकाठ भरल्या आणि गावकारभाऱ्यांच्या डोक्यातून पाण्याचा विषय निघून गेला. ज्या सरपंचांनी दुष्काळात जिवाचे रान करून समतल चर, नालाबांध, बंधारे उभे केले, त्यांच्याशीच आम्हाला बोलायचे आहे. वेशीवर ‘टँकरमुक्त गाव’ अशी पाटी लागली की सत्कार सुरू होतात आणि शिवारफेरी थांबते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच पावसाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण भरले, उसाच्या लागणी पुन्हा वाढल्या, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मधली दोन वर्षे हातात होती.

कोल्हापुरी बंधाऱ्याचेच बघा, म्हणजे नदीतल्या खांबांमध्ये काढता-घालता येणारे दरवाजे बसवून पाणी अडवणारा बंधारा. बांधताना सगळे गाव हजर असते, पण त्यात पाणी अडते की नाही हे दरवाजांवर ठरते. उन्हाळ्यात काढलेले दरवाजे उघड्यावर गंजतात, काही चोरीला जातात, रबरी पट्ट्या उन्हाने तडकतात. मग ऐनवेळी फटींत चिखल आणि पोती कोंबली जातात आणि दिवाळीपर्यंत अर्धे पाणी वाहून जाते. हे टाळायचे तर ऑगस्टमध्येच दरवाजे मोजावेत, पट्ट्या बदलाव्यात. बसवायच्या आधी खांबांच्या खाचा खरवडून तळाचा गाळ-दगड काढावा. तळाच्या दरवाजाखाली मुठीएवढा दगड राहिला तरी रात्रंदिवस गळती सुरू राहते. घाईही नडते. सगळे दरवाजे सप्टेंबरातच बसवले आणि परतीच्या पावसाचा लोंढा आला, तर पाणी बाजूचा भराव फोडून शेतात शिरते. म्हणून प्रवाह ओसरू लागल्यावर आधी खालची ओळ बसवावी, वरची ऑक्टोबरच्या मध्यानंतर. हे रोज नदीवर जाणाऱ्यालाच कळते, कार्यालयात बसून कळत नाही.

बंधारे झाले की पुढची पायरी हिशोबाची, आणि बहुतेक चांगले सरपंच इथेच अडतात. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला १ लाख १० हजार लिटर पाणी लागते, वर्षाला सुमारे ४ कोटी. पाटाने मोकाट पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर लागते. म्हणजे पाच एकर ऊस अख्ख्या गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी पितो. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की वेगळे भाषण लागत नाही. उलट हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी पुरतात.

हिशोबासाठी वरच्या, मधल्या आणि खालच्या शिवारातल्या प्रत्येकी दोन विहिरी निवडाव्यात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत त्यांची पातळी घ्यावी. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी एक मीटर उतरले म्हणजे २८ हजार लिटर गेले. आपला खडक काळा बेसाल्ट. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही थोडेच. खोल बोअर घेतल्याने नवे पाणी तयार होत नाही, बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचेच आटते. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फूट) खोल विहिरींवर निर्बंध आहेत, तरी पाचशे-सहाशे फुटांच्या बोअरची मशीन रात्री गावात येते आणि सगळे गप्प राहतात. निधी आणणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. पण आपल्याच भावकीतल्या माणसाला ‘हा बोअर नको’ म्हणणे त्याहून अवघड, आणि अनुभवी सरपंचाकडून आता तीच अपेक्षा आहे.

ऑक्टोबरची मोजणी झाली की हरभरा-गव्हाच्या पेरणीआधी विशेष ग्रामसभा घ्यावी. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यात किती एकर गहू बसतो ते तिथेच ठरवावे. डिसेंबरात ठरवून उपयोग नाही, तोवर बियाणे मातीत गेलेले असते.

मोजणीची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी, सरपंचाच्या घरी नको. आरक्षण बदलले की खुर्ची बदलते आणि वहीबरोबर वर्षानुवर्षांचे आकडेही जातात. पातळी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी घ्यायची असते आणि दरवेळी काठावरच्या त्याच खुणेपासून मोजायची असते. एवढे तरी गावातल्या दोन-तीन तरुण मुला-मुलींना यंदाच विहिरीवर नेऊन शिकवावे, ही विनंती.

जलसंधारणाच्या कामातील काही कार्यकर्ते,
जि. लातूर