दाखला नाही म्हणून प्रवेश नाही?

मा. संपादक,
स. न.

म्हापशात माझे झेरॉक्सचे लहानसे दुकान आहे. जून आला की शाळाप्रवेशाचे कागद माझ्या मशीनवरून जातात. आधार, जन्मदाखला, रहिवासी दाखला, आधीच्या शाळेचा दाखला. कुठली शाळा काय मागते हे मला आता तोंडपाठ आहे.

यंदा एक बाई तीन खेपा आली. नवरा गवंड्याच्या हाताखाली, मूळ गाव कर्नाटकातले. कडेवर धाकटा, सोबत नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या खेपेला आधारच्या प्रती काढल्या, दुसऱ्या खेपेला रेशनकार्डाच्या. दोन रुपयांप्रमाणे सात पानांचे किती, हे मी बोलायच्या आत मुलगी "चौदा" म्हणून मोकळी! तिसऱ्या खेपेला बाईच्या हातात कागदच नव्हता. "गावच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू," असे शाळेने सांगितले होते, आणि तो मोबाइलवर मागवता येतो का, एवढे विचारायला ती आली होती. गावी जायचे म्हणजे बसभाडे आणि वर तीन दिवसांचा रोज बुडणार. तोवर मुलगी बांधकामाच्या जागी धाकट्याला सांभाळते.

मी कायद्याचा माणूस नाही. पण 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा उतरवून घेऊन वाचला. कलम 5 म्हणते, सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेताना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येणार नाही की नाकारताही येणार नाही. उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वयाचा पुरावा नाही म्हणून नकार नको, हे कलम 14 मध्ये आहे. शाळा बुडाली असेल तर कलम 4 प्रमाणे मुलाला वयानुसार वर्गात बसवून वेगळे प्रशिक्षण द्यायचे. आधारचे तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्येच सांगितले आहे, शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नाही. मग "मग बघू" आले कुठून?

शिक्षकांची अडचण मला कळते. ही कुटुंबे काम संपले की निघतात, मुलाचे नाव पटावर राहते आणि उत्तर शाळेला द्यावे लागते. पण पट कमी म्हणून आपल्या किती सरकारी प्राथमिक शाळांना टाळे लागले ते आठवा. ज्या चालू आहेत, त्यातल्या बऱ्याच याच मुलांच्या जिवावर. (दुकानात हे बोललो तर एक गिऱ्हाईक म्हणाले, "भायल्यांचो इतलो पुळको कित्याक?" मी त्यांना सुटे पैसे दिले आणि गप्प बसलो.)

गोव्याने स्वतःचा बाल कायदा 2003 मध्ये केला, केंद्राच्या शिक्षण हक्क कायद्याच्या सहा वर्षे आधी. बालमजुरीला बंदी, शाळेत मारहाणीला बंदी, मुलांसाठी वेगळे न्यायालय, सगळे त्यात आहे. भाषणांत आपण त्याचे कौतुक करतो. आणि शुक्रवारच्या बाजारात पिशव्या विकणाऱ्या पोराला "शाळेत कितवीत आहेस?" असे कुणी विचारत नाही, मीही इतकी वर्षे विचारले नव्हते.

माझे मागणे लहान आहे. प्रवेश नाकारायचा असेल तर कारण लिहून, सही-शिक्क्यानिशी द्या. तोंडी नकाराला कलम लागत नाही, लेखी नकार कुठेही दाखवता येतो. लेखी तक्रार आली तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे दाद मागता येते. पण हे त्या बाईला सांगणार कोण? मी तिला कलम 5 ची प्रत दिली. ती मराठीत होती, तिला वाचता येते फक्त कन्नड.

म्हणून शिक्षण खात्याने ही तीन कलमे कोकणी, मराठी आणि कन्नडमधून प्रत्येक शाळेच्या फाटकावर लावावीत. खर्चाची अडचण असेल तर म्हापशातल्या शाळांपुरत्या प्रती मी फुकट काढून देतो. कन्नड मजकूर तेवढा खात्याने पाठवावा.

आपला,
एक झेरॉक्सवाला, म्हापसा