खर्च एका खात्यात, बचत दुसऱ्याच

महोदय,

मानसिक आजारांच्या खर्चाचा विषय निघाला की औषधे, डॉक्टरांची फी आणि रुग्णालयातील खाटा यांचाच हिशेब मांडला जातो. या खर्चाचा मोठा भाग मात्र दवाखान्याच्या बिलात दिसतच नाही. तो न मिळालेल्या पगारात, अर्ध्यावर सुटलेल्या नोकरीत आणि रुग्णासाठी घरी थांबलेल्या नातेवाइकाच्या बुडालेल्या कमाईत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार केवळ नैराश्य आणि चिंताविकार यांच्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात आणि त्यापोटी जवळपास १ लाख कोटी डॉलरचे नुकसान होते.

शिवाय हे आजार उतारवयाची वाट पाहत नाहीत. अमेरिकेत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे आढळले होते की, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. ऐन शिक्षणाच्या आणि पहिल्या नोकरीच्या वयात वाट सुटली, तर नुकसान त्या एक-दोन वर्षांपुरते राहत नाही. पुढचा प्रत्येक पगार, प्रत्येक बढती आणि म्हातारपणाची पुंजीही त्यामुळे खालच्या पायरीवरच राहते.

परतीची वाट तर त्याहून बिकट. ‘मधली दोन वर्षे काय करत होता?’ या मुलाखतीतल्या प्रश्नाला खरे उत्तर दिले तर नोकरी हातची जाते आणि खोटे दिले तर पुढे उपचारांसाठी रजा मागायला तोंड उरत नाही. काही औषधांमुळे सकाळी गुंगी राहते. अशा माणसाला कामाची वेळ थोडी पुढे सरकवून मिळाली तर तो चोख काम करू शकतो, पण ती सवलत मागायची तर आधी आजार सांगावा लागतो. म्हणून तो गप्प बसतो, रोज उशीर होतो, मेमो मिळतो आणि शेवटी तो स्वतःच राजीनामा देतो. दफ्तरी नोंद होते ती ‘वैयक्तिक कारण’ अशी.

‘आधी पूर्ण बरा हो, मग कामाचे बघू’ हा घरच्यांचा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी पुरावा त्याच्या बाजूने नाही. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या पद्धतीत गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्तीलाही लांबलचक प्रशिक्षणात अडकवून न ठेवता तिच्या पसंतीची, इतरांसारखीच पगारी नोकरी लवकर शोधून दिली जाते आणि ती रुजू झाल्यावरही उपचार करणारे पथक व रोजगार सल्लागार मिळून तिच्या पाठीशी राहतात. अनेक चाचण्यांत या मार्गाने नोकरीला लागलेल्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीच्या साधारण दुप्पट आढळले. अर्थात काम कसलेही चालते असे नाही. पदोपदी अपमान आणि बेभरवशाचे तास असतील तर धडधाकट माणूसही आजारी पडेल.

एवढे माहीत असूनही पैसा का लावला जात नाही? माझ्या मते अडचण हिशेबाच्या मांडणीत आहे. उपचारांचा खर्च आरोग्य खात्यावर पडतो, तर माणूस कामावर परतल्याचा लाभ मालकाला, कुटुंबाला, करवसुलीला आणि सामाजिक सुरक्षेच्या निधीला होतो; त्यामुळे ज्याने खर्च करायचा त्याच्या वहीत तो तोट्याचाच दिसतो. इंग्लंडमध्ये २००८ साली मानसोपचार सर्वांच्या आवाक्यात आणणारी योजना सुरू झाली, ती अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी या दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवल्या म्हणूनच. २०१६ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने तर नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवरील एका डॉलरमागे चार डॉलरचा परतावा मांडला. तरीही सरकारे आरोग्याच्या तरतुदीतील सरासरी जेमतेम २ टक्के रक्कम मानसिक आरोग्याला देतात.

तेव्हा आरोग्य, कामगार आणि अर्थ या तिन्ही खात्यांनी मानसिक आजारामुळे सुटलेल्या नोकऱ्यांचा आणि उपचारांनंतर कामावर परतलेल्यांचा एकत्रित हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. मालकांनीही त्याची वाट न पाहता दीर्घ आजारानंतर अर्धवेळ रुजू होऊन हळूहळू पूर्णवेळ होण्याची मुभा द्यावी, आणि ती देताना आजाराचे नाव विचारू नये.

– एक वाचक