पंप उघडण्यापूर्वी : तासगावच्या मित्रास पत्र

सातारा,
९ डिसेंबर

प्रिय मित्र सुभाष यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. तुझी डिझेलवरची मालवाहू गाडी पहाटे लवकर चालू होत नाही, बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर कसलीही तक्रार करत नाही, आणि आता मिस्त्रीने इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा पंप व नोझल उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे बेंचवर मोजून जुळवायला, द्यायला सांगितले आहे, हे वाचून मी लगेच उत्तर लिहायला घेतले. माझी तुला कळकळीची विनंती आहे की, पुढे लिहितो त्या तपासण्या होईपर्यंत पंपाला पाना लावू देऊ नकोस.

याचे कारण तुझ्याच पत्रात आहे. बेदाणा पुण्यात उतरवून परतीच्या मालासह तुझी गाडी खंबाटकीचा घाट नेहमीच्या गियरमध्ये चढते, धूर काळा नाही आणि ॲव्हरेजही पडलेले नाही, असे तू लिहितोस. ज्या गाडीच्या पंपाचे प्लंजर (डिझेलला दाब देणारे दट्टे) झिजले आहेत किंवा जिची नोझल ठिबकतात, त्या गाडीने भरल्या मालाने घाटात कुठेतरी दम टाकलाच असता. शिवाय झिजलेल्या पंपाची खूण बहुधा उलटी असते : गाडी थंडपणी चालू होते, पण ढाब्यावर जेवून आल्यावर गरम इंजिन चालू होत नाही, कारण तापून पातळ झालेले डिझेल प्लंजरच्या फटीतून निसटते आणि सेल्फच्या कमी वेगावर नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. तुझी तक्रार फक्त पहाटेची आहे. मग गाडी रात्रभर उभी असताना डिझेलचे काय होते, हेच आधी शोधले पाहिजे.

टाकी खाली चासीला आणि पंप वर इंजिनला, त्यामुळे गाडी बंद झाली की नळीतले डिझेल टाकीकडे उतरू पाहते. नळीच्या वरच्या टोकाला अंगठा दाबून धरला तर आतले पाणी खाली पडत नाही, आणि अंगठा किंचित सैल केला की उतरते. इथेही तसेच आहे. वर कुठेतरी केसाएवढी फट असली की तिथून हवा आत शिरते आणि डिझेल सावकाश टाकीत परत जाते. पहाटे सेल्फ मारताना फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप, आधी ही रिकामी नळी भरतो आणि मग कुठे इंजिनला डिझेल मिळते. घरासमोरच्या चढावर तोंड वर करून गाडी लावली की त्रास वाढतो आणि टाकी भरलेली असली की कमी होतो, हे तू जाता जाता लिहिले आहेस. माझ्या मते तुझ्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे, कारण चढावर टाकी आणखी खाली जाते आणि भरल्या टाकीत डिझेलची पातळी वर असते.

ही फट डोळ्यांना सहसा दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे ती डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत घेते. “कुठेच ओल नाही, म्हणजे लाइन चांगली आहे” हा मिस्त्रीचा निष्कर्ष म्हणूनच धरून चालू नकोस.

पहिली तपासणी उद्याच पहाटे कर. सेल्फला हात लावण्यापूर्वी हँड प्रायमरची, म्हणजे फीड पंपावरच्या हातपंपाची, मूठ फिरवून मोकळी कर आणि हाताने पंप मारायला लाग. लाइन भरलेली असेल तर थोड्याच दाबांत मूठ हाताला जड लागते आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून जास्तीचे डिझेल परत जाताना बारीक किरकिर ऐकू येते. मूठ बराच वेळ पोकळ, हलकी जात राहिली, मग एकदम जड झाली, आणि त्यानंतर गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, तर रात्री डिझेल उतरते हे नक्की समज. मूठ पुन्हा घट्ट आवळायला विसरू नकोस. सैल राहिलेली मूठही हवा ओढते.

त्यानंतर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी क्लिप लावून बसव. गाडी चालू करून ती नळी टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे सरकताना दिसले, तर फट त्या नळीच्या टाकीकडच्या बाजूला आहे. तसे असेल तर स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन, तो पंपापेक्षा उंच ठेवून, त्यातून थेट फीड पंपाला नळी जोड. कॅनवर बुडबुडे थांबले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेही गाडी लगेच चालू झाली, तर दोष टाकी, तिच्यातली ओढनळी, रबरी नळ्या किंवा वॉटर सेपरेटर (डिझेलमधले पाणी वेगळे करणारा भाग) यांतच आहे. ओढनळीला वरच्या बाजूला चीर असेल तर डिझेलची पातळी चिरेखाली गेल्यावरच त्रास होतो, म्हणून तीही बाहेर काढून बघ.

बुडबुडे दिसले नाहीत, पण नळी पहाटे रिकामी मिळाली, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, प्रायमरचे ऑइल सील आणि फिल्टरच्या बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वॉशर बघ. या वॉशरकडे कोणी लक्ष देत नाही याचे मला फार वाईट वाटते. आमच्याकडे आलेल्या एका टिपरचा पंप दुसरीकडे पूर्ण दुरुस्त करून झाला होता, तरी पहाटेची रड तशीच होती. फिल्टरच्या डोक्यावरचा वॉशर काढून नखाने चाचपला, तेव्हा जुन्या बोल्टाच्या दाबाचा गोल खळगा आणि त्याला छेदणारा बारीक ओरखडा हाताला लागला. फिल्टर बदलताना जुनाच वॉशर पुन्हा बसवलेला होता. नवे वॉशर टाकल्यावर ती गाडी पहिल्या सेल्फला उचलली. तू सगळेच वॉशर नवे घाल. त्यांची किंमत पंपाच्या कामापुढे काहीच नाही. प्रायमरखालच्या वाटीतली जाळी आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंगही त्याच वेळी पाहा, कारण स्प्रिंग मऊ पडली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) दाबच राहत नाही.

हे सारे करताना दोन गोष्टी गृहीत धरू नकोस. एक म्हणजे बॅटरी : सेल्फ मारताना २४ व्होल्टच्या गाडीत मीटर १८-१९च्या खाली जात असेल, तर इंजिन पुरेसे फिरतच नाही आणि दोष डिझेलवर येतो. दुसरी गोष्ट धूर. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, आणि मग नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन यांचा विचार करावा लागतो. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल पूर्ण मागे येते ना, हेही एकदा बघ.

थंडीने डिझेल गोठत असेल, हा तुझा तर्क मला पटत नाही. आपल्याकडच्या हिवाळी डिझेलला ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहण्याची मर्यादा घातलेली आहे, आणि तासगावला एवढी थंडी क्वचितच पडते. पाण्याची शंका मात्र रास्त आहे. अर्धी टाकी रात्रभर राहिली की आतला दमटपणा पाणी होऊन तळाशी बसतो, म्हणून गाडी हलवण्यापूर्वी सेपरेटरचा नळ उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घे आणि तळाशी पाणी बसते का ते पाहा.

आणि कृपा करून एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्प्रे धरू देऊ नकोस. त्याने गाडी चालू होते, पण अवेळी भडका उडून रिंगा आणि पिस्टन फुटू शकतात. सेल्फही एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस, मध्ये मिनिटभर थांब.

तुझ्या धाकट्या भावाच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला यातले सगळे लागू नाही. तिथे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) साधारण २०० ते ३०० बार दाब झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून आधी स्कॅनर लावून सेल्फवरचा रेलचा दाब पाहावा, आणि तो चढत नसेल तर प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन कोणता जास्त सोडतो ते ताडावे. पण जुन्या गाडीसारखी नोझलची नळी ढिली करून हवा काढायला तिथे कोणी जाता कामा नये. चालू इंजिनात तो दाब दीड हजार बारच्याही वर जातो, आणि एवढ्या दाबाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. हे त्याला तू स्वतः बजाव.

प्रायमर किती वेळ हलका गेला आणि पारदर्शक नळीत काय दिसले, तेवढे मला कळव. त्यातूनही पंपावरच संशय आला, तर गाडी साताऱ्याला घेऊन ये. पंप बेंचवर आपल्या समोर तपासून घेऊ आणि मगच उघडू. आबांना दंडवत, वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र,
विलास