मरीना सिल्वांची गोष्ट पण छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात हवामान परिषद झाली, त्याच्या बातम्या मी तुमच्या पेपरात रोज वाचत होते. राष्ट्राध्यक्ष लुला काय म्हणाले, अमेरिका का आली नाही, हॉटेलांचे रेट किती वाढले, मंडपाला आग लागली, सगळं आलं. पण ब्राझीलच्या तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मरीना सिल्वा यांच्याबद्दल चार ओळीसुद्धा दिसल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्या बोलल्या तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मी मोबाईलवर बघितलं आणि खरं सांगते माझे डोळे भरून आले. म्हणून हे पत्र.

या बाईंचा जन्म 8 फेब्रुवारी 1958 चा, आक्रे नावाच्या राज्यात, म्हणजे ब्राझीलच्या पार पश्चिमेला बोलिव्हियाच्या बाजूला. आईबाप रबराचा चीक काढणारे. अकरा भावंडं झाली त्यातली आठ जगली. तिकडे पद्धत अशी होती की चीक मालकालाच विकायचा आणि घरचा बाजारही त्याच्याच दुकानातून उधारीवर भरायचा, मग वर्षभर राबून शेवटी माणूस देणेकरीच राहायचा. बापाने पोरीला बेरीज वजाबाकी तेवढी शिकवली होती, पण सोळा वर्षांची होईपर्यंत तिला लिहिता वाचता येत नव्हतं. पाच वेळा मलेरिया, तीन वेळा कावीळ, त्यात शरीरात पाऱ्याचं विष गेलेलं, ते दुखणं अजून सोबत आहे. पंधराव्या वर्षी आई गेली. तिला नन व्हायचं होतं आणि आजी म्हणायची की नन व्हायला लिहिता वाचता यावं लागतं. मग औषधपाण्यासाठी आणि शाळेसाठी रियो ब्रांको शहरात आली, लोकांच्या घरी धुणीभांडी केली, रात्री प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला गेली आणि पुढे 1984 ला इतिहासात पदवी घेतली. सोळाव्या वर्षी अक्षरं गिरवली आणि सव्विसाव्या वर्षी ग्रॅज्युएट, मध्ये फक्त दहा वर्षं!

तिथेच चिको मेंडिस भेटले, रबर कामगारांचे पुढारी. जंगल तोडायला माणसं करवती घेऊन आली की ही मंडळी बायकापोरांसकट समोर जाऊन उभी राहायची, मरीना पण त्यात असायची. 1988 च्या नोव्हेंबरात ती नगरसेवक म्हणून निवडून आली आणि सव्वा महिन्यात, 22 डिसेंबरला, चिकोंना शापुरी गावात त्यांच्या राहत्या घरी गोळी घालून मारलं. पुढे 1990 ला राज्याच्या विधानसभेत आणि 1994 ला वयाच्या 36 व्या वर्षी थेट सिनेटमध्ये. नगरसेवक असताना सदस्यांना मिळणारे जास्तीचे भत्ते तिने परत केले होते आणि ते लोकांना सांगितलं पण, त्यावरून बाकीचे सदस्य केवढे चिडले.

इथे थोडं आमच्याकडचं सांगते, विषय सोडून नाही. मी दोडामार्ग तालुक्यात राहते. आमच्याकडे बाहेरून आलेल्या आणि इथल्याही लोकांनी रबर लावलंय आणि त्यासाठी डोंगरच्या डोंगर साफ झालेत, त्यामुळे रबर म्हटलं की आमच्या डोक्यात जंगलतोडच येते. पण हे झाड मुळात ॲमेझॉनचं, 1876 मध्ये त्याच्या बिया जहाजाने इंग्लंडला गेल्या आणि तिथून मग आशियात आल्या. तिकडे ते जंगलात एकेकटं, लांब लांब उभं असतं, एकत्र लावलं तर पानांवर रोग पडून बाग बसते. म्हणजे तिथल्या चीक काढणाऱ्याला पोटासाठी अख्खं जंगलच उभं लागतं. मरीनाबाईंचं राजकारण इथून सुरू होतं हे मला खूप उशिरा कळलं. त्यांना कोणी पर्यावरणवादी वगैरे म्हणतात पण त्या आधी कष्टकऱ्यांच्या पुढारी आहेत असं माझं मत आहे.

2003 ला लुलांनी त्यांना मंत्री केलं. 2004 साली एका वर्षात ॲमेझॉनचं 27,772 चौरस किमी जंगल तुटलं होतं. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 5,207 चौरस किमीचा, म्हणजे पाच सिंधुदुर्ग एका वर्षात गेले समजा. यावर बाईंनी नुसती भाषणं केली नाहीत. उपग्रहावरून तोड दिसली की लगेच खबर मिळेल अशी यंत्रणा उभी केली, करोडो हेक्टर जंगल राखीव झालं, जिथे जास्त तोड तिथल्या तालुक्यांची यादी करून जाहीर केली, आणि 2008 मध्ये तर नियम आला की कागदपत्रं नीट नसतील तर ॲमेझॉनमध्ये शेतीला बँकेचं कर्जच मिळणार नाही. मला वाटतं हा शेवटचा दणका सगळ्यात मोठा होता. त्यांच्याच काळात पोलिसांनी पर्यावरण खात्यातल्या भ्रष्ट अधिकाऱ्यांना पण धरलं, आपल्याच खात्याची माणसं! पाच वर्षात तोड निम्म्याहून खाली आली.

आणि मे 2008 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ॲमेझॉनमधल्या मदेइरा नदीवरची धरणं, बड्या शेतकऱ्यांचा दबाव, त्यात ॲमेझॉनच्या योजनेचं काम दुसऱ्याच मंत्र्याकडे दिलं गेलं. तेव्हा त्या असं म्हणाल्या होत्या की मूल आपल्या मांडीवर मरण्यापेक्षा दुसऱ्याच्या मांडीवर जिवंत असलेलं बरं. खुर्ची सोडताना असं बोलणारा पुढारी मी तरी दुसरा बघितला नाही.

पुढे तीनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. 2010 ला 1 कोटी 96 लाख मतं, 2014 ला पक्षाचे उमेदवार एदुआर्दो कांपोस विमान अपघातात गेले म्हणून ऐनवेळी उमेदवार झाल्या आणि 2 कोटी 21 लाख मतं, आणि 2018 ला जेमतेम 1 टक्का. चुका पण झाल्या, त्या लपवायला नकोत. 2014 ला समलिंगी विवाहाचा मुद्दा जाहीरनाम्यात घातला आणि दुसऱ्या दिवशी बदलला, मग दुसऱ्या फेरीत लुलांच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मांच्या विरोधातल्या उमेदवाराला पाठिंबा दिला, आणि दिल्मांवरच्या 2016 च्या महाभियोगाला पण त्यांचा पाठिंबा होता. जुने साथीदार दुखावले आणि मला पण ते पटत नाही. पण 2022 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांना हरवायचं म्हणून त्याच लुलांसोबत परत उभ्या राहिल्या, जानेवारी 2023 ला परत मंत्री झाल्या, आणि जुलै 2025 ला संपलेल्या वर्षात जंगलतोड 5,796 चौरस किमीवर आली. अजूनही एका सिंधुदुर्गापेक्षा जास्तच आहे, पण पाच नाही.

27 मे 2025 ला सिनेटच्या एका समितीत त्यांना बोलावलं होतं. ॲमेझॉनमधल्या रस्त्याचा आणि तेलाचा विषय निघाला, मध्येच त्यांचा माईक बंद केला, एक सिनेटर म्हणाले आपल्या पायरीने राहा, दुसरे म्हणाले बाई म्हणून तुम्हाला मान आहे पण मंत्री म्हणून नाही. मरीनाबाईंनी माफी मागा म्हणून सांगितलं, त्या सिनेटरने मागितली नाही, तर या उठून निघून गेल्या. मी खालमानेने राहणारी बाई नाही हे तोंडावर सांगून. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळ तेल शोधायला परवानगी पण मिळाली, त्यांच्याच खात्याखालच्या संस्थेकडून. त्या सरकारात राहणं किती अवघड गेलं असेल याचा विचार करा.

माझी विनंती एवढीच, की तुमच्या शालेय पुरवणीत यांच्यावर एक पान द्या, फोटोसकट. आमच्या गावात शाळा सुटलेल्या सतरा अठरा वर्षांच्या दोन मुली संध्याकाळी माझ्याकडे वाचायला शिकायला येतात, ते पान मी त्यांच्यासमोर ठेवणार आहे, त्यांनाच मोठ्याने वाचायला लावणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक
दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग