कुलगुरू गाडगीळ आणि ६०-१०-१०-१०-१०

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं स्पर्धा परीक्षेसाठी ‘गाडगीळ सूत्र’ (राज्यांना केंद्राची योजना-मदत वाटण्याचं सूत्र) घोकतात, पण त्यामागचा माणूस क्वचितच कुणी सांगतो. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यातही त्यांचा मोठा वाटा. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. कुलगुरूपद जेमतेम वर्षभराचं, हे लक्षात ठेवावं.

चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून आसाम, जम्मू-काश्मीर व नागालँड यांची गरज आधी भागवून उरलेली केंद्रीय मदत या सूत्रानं वाटली गेली: लोकसंख्येला ६० टक्के, दरडोई उत्पन्न, करप्रयत्न (राज्य स्वतः कर किती गोळा करतं), चालू मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १०. चूक होते ती उत्पन्नाच्या दहा टक्क्यांत. ते सगळ्या राज्यांना नव्हते, राष्ट्रीय सरासरीखालच्यांनाच होते. चालू प्रकल्पांचा निकष समजावताना मुंबईची उदाहरणं कशाला? सौंदत्तीजवळचं मलप्रभेचं धरण त्याच काळात बांधलं जात होतं. दुसरी गफलत म्हणजे हे सूत्र केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या खात्यात टाकणं. करांच्या वाटणीशी त्याचा संबंध नव्हता.

– अर्थशास्त्राचे काही शिक्षक, बेळगाव